दोनशे साठ डॉलरची तीन खोटी कार्डं: जुनी बेसबॉल कार्डं घेणाऱ्यांसाठी

जुनी बेसबॉल कार्डं बेताच्या पैशांत जमवणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. न्यू जर्सीतल्या कार्ड शोंमध्ये हल्ली अधूनमधून मराठी कानावर पडतं. बरेच जण मुलांच्या लिटल लीग बेसबॉलच्या निमित्ताने इकडे वळलेले असतात. ज्यांनी लहानपणी बिग फन च्युइंगमबरोबर येणारी क्रिकेटपटूंची कार्डं गोळा केली, त्यांना हा नाद समजावून सांगावा लागत नाही. माझे यात 260 डॉलर गेले. ज्याने ते घेतले तो अजूनही कुणाला तरी कार्डं विकत असेल, म्हणून त्याची पद्धत जशी घडली तशी सांगते.

फसवणूक टी-206 या संचात झाली. अमेरिकन टोबॅको कंपनीने 1909 ते 1911 या काळात सिगारेटच्या पाकिटांत घातलेली ही कार्डं, आपल्या काडेपेटीपेक्षा थोडी लांब. पाचशेहून जास्त वेगवेगळी चित्रं, आणि मागच्या बाजूला सिगारेटची जाहिरात: पीडमाँट, स्वीट कॅपोरल, सॉव्हरिन, ओल्ड मिल. होनस वॅग्नर या खेळाडूचं गाजलेलं कार्ड याच संचातलं. 2022 मध्ये त्याची एक प्रत 72 लाख 50 हजार डॉलरला विकली गेली. अशा बातम्यांमुळे हा श्रीमंतांचा छंद आहे असा समज होतो, पण तो खरा नाही. फारसं नाव नसलेल्या खेळाडूचं, दुमडलेलं, कोपरे गोल झालेलं अस्सल कार्ड तीस-चाळीस डॉलरला मिळतं. त्याला सगळे 'कॉमन' म्हणतात. मी महिन्याला पंच्याहत्तर डॉलर या छंदासाठी बाजूला ठेवते. थोडं थांबलं तर त्यात हॉल ऑफ फेममधल्या, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीतल्या, एखाद्याचं झिजलेलं कार्डही बसतं.

मला हवे होते जो टिंकर, जॉनी एव्हर्स आणि फ्रँक चान्स. शिकागो कब्ज या संघाचे शॉर्टस्टॉप, सेकंड बेस आणि फर्स्ट बेस, म्हणजे मैदानात त्या जागांवर खेळणारे. 1907 आणि 1908 अशी लागोपाठ दोन वर्षं कब्जनी वर्ल्ड सिरीज जिंकली ती या तिघांच्या काळात; त्यानंतर पुढचं विजेतेपद यायला 2016 उजाडलं. टिंकर आणि एव्हर्स यांचं भांडण झालं होतं आणि ते कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, तरी मैदानावर चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे बिनचूक जायचा. 1946 मध्ये तिघं एकत्रच हॉल ऑफ फेममध्ये गेले. म्हणून मला तिघं एकत्र हवे होते, आणि हे मी विचारणाऱ्या कुणालाही आनंदाने सांगायची.

एका हॉटेलच्या हॉलमध्ये भरलेल्या शोमध्ये एका गृहस्थांच्या टेबलावरून मी दोन कॉमन घेतली. साठीच्या पुढचा माणूस, बोलणं शांत. कुठल्या कार्डाला मागून कागद चिकटून निघालाय, कुठल्याला भोक आहे, हे त्याने स्वतःहून दाखवलं. ती दोन्ही कार्डं अस्सल होती, नंतर पुन्हा तपासली तेव्हाही अस्सलच निघाली. ओळख अशीच पक्की केली जाते. त्याने मला काय हवं आहे ते विचारलं, वहीत लिहून घेतलं, माझा नंबर घेतला.

काही आठवड्यांनी त्याचा फोन आला. पिट्सबर्गला काकांचं घर रिकामं करताना सिगारचा एक लाकडी डबा सापडला, त्यात तुमचे तिघेही आहेत, म्हणाला. चान्सचं पिवळ्या पार्श्वभूमीचं, टिंकरचं गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेलं, एव्हर्सचं चेहऱ्याचं. तिन्ही खूप झिजलेली, म्हणून 280 डॉलर. हा भाव बाजारापेक्षा जरासाच कमी होता. शंभरात देतो म्हणाला असता तर कुणीही सावध झालं असतं. कुठल्या आकड्याला माणूस शंका घेत नाही ते त्याला नेमकं ठाऊक होतं. फोटो चार आले: तिन्हींच्या पुढच्या बाजू, आणि मागची फक्त एक. पैसे पेमेंट अॅपवर 'मित्र आणि कुटुंब' या पर्यायातून पाठवा, माझं शुल्क वाचतं, म्हणून वीस डॉलर तुम्हाला सोडतो, असंही म्हणाला. आठवड्याभरात टपालाने पाकीट आलं. प्रत्येक कार्ड टॉपलोडरमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या जाड, कडक पाकिटात, वरून टेपने बंद केलेलं.

प्लॅस्टिकमधून कार्डं सुंदर दिसत होती. टेप काढून चान्सचं कार्ड हातात घेतलं आणि अंगठा त्याच्या घडीवरून फिरवला. फोटोत कपाळापासून खांद्यापर्यंत एक तिरकी घडी स्पष्ट दिसत होती, कार्डावरही ती दिसत होती, पण बोटाला लागत नव्हती. दिव्याखाली तिरपं धरलं तरी तिथला पृष्ठभाग सलग. घडी छापलेली होती. कुठल्या तरी खऱ्या, दुमडलेल्या कार्डाची प्रतिमा घेऊन ती जुनाट पुठ्ठ्यावर छापली होती, आणि तिच्याबरोबर मूळ कार्डाची घडीसुद्धा छापली गेली होती. कोपरे मात्र खरोखर घासलेले होते, आणि खाली एक खरी घडी हाताने पाडली होती. खोट्या घडीवरून लक्ष जावं म्हणूनच ती पाडली असणार.

मग तिन्ही कार्डं उलटी करून शेजारी ठेवली. तिन्हींच्या मागे पीडमाँट. तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण पीडमाँट हीच सगळ्यात जास्त आढळणारी जाहिरात. पण तिन्हींवर, उजवीकडे खालच्या कडेजवळ, तांदळाच्या दाण्याएवढा तपकिरी डाग होता. त्याच जागी, त्याच आकाराचा. शिवाय निळ्या शाईच्या एका अक्षराला तिन्हींवर सारखीच खोक. म्हणजे मागच्या बाजूसाठी एकच प्रतिमा तीनदा वापरली होती. मागच्या बाजूचा फोटो एकच का आला, याचं उत्तर समोर होतं.

पुढची तपासणी पंधरा-वीस डॉलरच्या साधनांनी होते, म्हणून ती सविस्तर सांगते. खऱ्या टी-206 च्या खाली खेळाडूचं आणि शहराचं नाव तपकिरी शाईत असतं, आणि ती एकच शाई असते. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहिलं तर अक्षर भरीव दिसतं. माझ्याकडे आलेल्या कार्डांवर तीच अक्षरं गुलाबी, पिवळ्या आणि निळसर ठिपक्यांची बनलेली होती; आजचं यंत्र तपकिरी रंग असाच तयार करतं. मागच्या निळ्या जाहिरातीचंही तेच. दुसरं साधन अतिनील दिव्याची छोटी टॉर्च. कागद पांढरा दिसावा म्हणून त्यात घालायची चमकदार रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली. 1910 च्या पुठ्ठ्यात ती नसतात, त्यामुळे अंधारात त्यावर टॉर्च मारली तरी तो मंदच राहतो. एव्हर्सचं कार्ड कडांना निळं-पांढरं पेटलं. चहा-कॉफीच्या पाण्याने वरचा पृष्ठभाग पिवळा केला होता, पण घासलेल्या कोपऱ्यांतून आतला नवा कागद बोलत होता.

हे सगळं ज्यांच्या शेजारी ठेवून पाहिलं ती त्याच माणसाकडून घेतलेली दोन अस्सल कॉमन. जाडी, कागदाचा पोत, शाई, कडेचा रंग, सगळं शेजारी ठेवल्यावर कळतं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की कुठल्याही संचातलं मोठं नाव घेण्याआधी त्याच संचातलं एखादं स्वस्त कॉमन खात्रीच्या दुकानातून घ्या आणि हाताशी ठेवा. चित्रं पाहायची असतील तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर 1887 ते 1914 या काळातली दोन हजारांहून जास्त कार्डं फुकट पाहता येतात. पण चांगल्या प्रतिमा खोटी कार्डं छापणाऱ्यांनाही तितक्याच सहज मिळतात. चित्र जुळलं म्हणजे कार्ड खरं ठरत नाही.

त्याला फोन केला तेव्हा आधी म्हणाला, काकांच्या डब्यात होती तशी पाठवली. डागाबद्दल विचारल्यावर फोन बंद झाला आणि मग माझा नंबर ब्लॉक. पेमेंट अॅपचं उत्तर सरळ होतं: 'मित्र आणि कुटुंब' म्हणून पाठवलेले पैसे म्हणजे भेट, त्यावर खरेदीचं संरक्षण नाही. 'वस्तू आणि सेवा' हा पर्याय असता तर तक्रार नोंदवता आली असती. त्या पर्यायाचं शुल्क विक्रेत्याला भरावं लागतं हे खरं, पण जो ते टाळायला सांगतो त्याला किंमत वाढवून द्या आणि पर्याय तोच ठेवा. तरीही नाही म्हणाला तर व्यवहार सोडा.

शोच्या आयोजकांना भेटले तेव्हा तिथे ओहायोचे एक संग्राहक होते. त्यांनी त्याच माणसाकडून एव्हर्स घेतला होता, बॅट घेतलेला, म्हणजे चित्र वेगळं. मी त्यांना मागची बाजू पाहायला सांगितली. तोच डाग, तीच खोक. त्यांनी 90 डॉलर दिले होते.

हे आकडे बघा. अशी माणसं वॅग्नरच्या वाटेला जात नाहीत. तिथे तज्ज्ञ असतात, वकील असतात. लिलावगृहाचे मालक बिल मास्ट्रो यांनी एका अतिशय प्रसिद्ध वॅग्नर कार्डाच्या कडा कापल्या होत्या, तेही प्रकरण एफबीआयपर्यंत पोहोचलं. त्यांनी 2013 मध्ये न्यायालयात कबुली दिली आणि 2015 मध्ये त्यांना वीस महिन्यांची शिक्षा झाली. आपल्यासारख्यांच्या 80-90 डॉलरच्या कार्डाला ग्रेडिंग कंपनीची, म्हणजे कार्ड अस्सल आहे का ते तपासून त्याला दर्जा देणाऱ्या कंपनीची, फी, विमा आणि दोन्हीकडचं टपाल परवडत नाही. विक्रीची काही संकेतस्थळं कार्ड तज्ज्ञांकडून तपासून देतात, पण ठरावीक किमतीच्या वरच. वकील करावा एवढी रक्कम नसते, आणि खूप जण लाजेने गप्प बसतात. बेताच्या बजेटचा माणूस हेच त्याचं गिऱ्हाईक, आणि ते त्याने नीट हिशेब करून निवडलेलं आहे. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो. महिन्याचे पंच्याहत्तर डॉलर साठवणाऱ्या माणसाच्या जवळपास साडेतीन महिन्यांवर हा डल्ला आहे.

पन्नास ते सत्तरच्या दशकातली टॉप्स या कंपनीची कार्डं घेणाऱ्यांनाही दोन गोष्टी सांगते. 1952 चा संच टॉप्सनेच 1983 मध्ये पुन्हा छापला. मूळ कार्ड 2⅝ बाय 3¾ इंच, पुनर्मुद्रण 2½ बाय 3½. मागे पुनर्मुद्रण असल्याचं छापलेलं असतं, ते खरवडून काढलेली कार्डं फिरतात. म्हणून फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवायला सांगा. आणि 1971 च्या काळ्या कडांच्या संचात झिजलेल्या कडा काळ्या पेनने रंगवून विकतात. कार्ड बाजूने, म्हणजे जाडीकडून, भिंगाखाली पाहिलं की शाई आत उतरलेली दिसते.

टपालाने फसवणूक हा इथे केंद्रीय गुन्हा आहे. रक्कम लहान असली तरी पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडे (टपाल खात्याची तपास शाखा) आणि एफबीआयच्या आयसी-3 या ऑनलाइन नोंदणीवर तक्रार करता येते. मी दोन्हीकडे केली आहे, ओहायोच्या गृहस्थांनीही केली आहे. पाकीट, त्यावरचा टपालाचा शिक्का, संदेश आणि फोटो असं सगळं जपून ठेवलं आहे. कार्डं मी परत विकणार नाही आणि कुणाला देणारही नाही. तपास संपला की तिन्हींच्या मागे न पुसल्या जाणाऱ्या शाईने 'खोटं' असं इंग्रजीत लिहिणार आहे.

तोवर तुमच्याकडे कुणा अनोळखी माणसाकडून घेतलेलं पीडमाँटचं टी-206 असेल तर आजच उलटं करून पाहा. उजवीकडे खालच्या कडेजवळ तांदळाएवढा तपकिरी डाग आणि एका निळ्या अक्षराला खोक दिसली, तर कार्डाला आणखी हात लावू नका, दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि या दोन्ही ठिकाणी तक्रार करा. एकाच्या 90 डॉलरकडे कुणी बघणार नाही, पण एकाच डागाच्या दहा तक्रारी वेगवेगळ्या राज्यांतून आल्या तर त्या एकत्र लावून पाहाव्या लागतील.