रक्त दुपारी घेतलं, खरी मेख तिथेच होती

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत कोलेस्टेरॉल तपासणीचं शिबिर लागलं होतं. रक्त घेतलं भर दुपारी, जेवणं उरकल्यावर. माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे बाबांचे, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक प्रकारची चरबी) भरपूर वाढलेले निघाले. निघणारच! जेवल्यावर काही तास ते चढेच असतात आणि त्या दिवशी घरी पुरणपोळी होती. पांढऱ्या कोटातल्या माणसाने लगेच शेवगा, कढीपत्ता आणि पेरूच्या पानांच्या अर्काची बाटली पुढे केली. महिन्याने पुन्हा तपासणी, पण या वेळी सकाळी, रात्रभर उपाशी ठेवून. आकडा धाडकन खाली. "बघा काका, अर्काचा गुण!" मग सहा महिन्यांचा कोर्स, अठरा हजार रुपये, रोख.

पैसे गेले त्याचं एक वेळ सोडा. पण "आता गोळीची गरज नाही" असं फोनवर सांगून शिबिरवाल्यांनी बाबांची स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, गोळी बंद करायला लावली. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. गोळी थांबली की एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, काही आठवड्यांत परत वर येतं. आमच्या डॉक्टरांनी पुढे लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) केलं तेव्हा एलडीएल १६८ होतं, आधी ७० च्या आसपास असायचं.

माहितीपत्रकात 'संशोधनाने सिद्ध' असं छापलं होतं. खाली बारीक अक्षरात उंदीर. चरबीयुक्त खाणं देऊन लठ्ठ केलेल्या उंदरांना अर्क पाजला होता, तोही वजनाच्या हिशोबाने मोजून. आमच्या बाटलीत किती मिलिग्रॅम काय आहे, याचा पत्ताच नाही. आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवाना आणि बॅच क्रमांक लागतो, खाद्यपदार्थ म्हणून विकलं तर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक. इथे फक्त हिरवं पान आणि 'शंभर टक्के नैसर्गिक'. शिवाय पत्रकात 'ब्लॉकेज विरघळवतो' असा दावा. हृदयविकार बरा करण्याची औषधाची जाहिरात १९५४ च्या जादुई उपचारविरोधी कायद्याने बंद आहे, म्हणजे पत्रक हाच पुरावा. (कढीपत्त्यावर माझा राग नाही, फोडणीत तो हवाच.)

'गुण न आल्यास पैसे परत' होतं, पण कोर्स पूर्ण केला तरच. आता फोन लागत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर पहिला प्रश्न आला बिलाचा, आणि ते त्यांनी दिलंच नव्हतं. शेजारच्या काकूंनी यूपीआयने पैसे भरले होते. त्यांच्या नावाने तक्रार गेली आहे, बाटली आणि पत्रक अन्न व औषध प्रशासनाकडे.