कॅसेटवरच्या मैफली जपताना: एमपी३, एएसी, ओपस की फ्लॅक?

घरगुती बैठकींच्या जुन्या कॅसेट संगणकात उतरवताना खरखर दोन ठिकाणांहून येते. एक टेपची, जी मूळ ध्वनिमुद्रणातच मुरलेली असते. दुसरी एन्कोडरची: फाइल लहान करण्यासाठी तो प्रत्येक फ्रिक्वेन्सी-पट्ट्यातले आकडे ढोबळ करतो आणि त्यातून उपजणारा क्वांटायझेशन नॉईज मोठ्या स्वरांच्या आड, कानाला जाणवणार नाही अशा जागी दडवू पाहतो. या दोहोंचा परस्परसंबंध मात्र फाइलचा प्रकार निवडताना सहसा विचारात घेतला जात नाही. टेपच्या खरखरीत कोणतीही नियमितता नसल्यामुळे ती नेमकेपणाने साठवणे फार महाग पडते, आणि बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला खर्चायच्या बिटांची संख्या, ठरलेला असेल तर हा खर्च गायकाच्या वाट्यातून होतो.

एमपी३ हे १९९३ मध्ये प्रमाणित झालेले तंत्र असून या कसोटीवर सर्वांत दुबळे आहे. कमी बिटरेटवर एखादा वरचा पट्टा एका क्षणी ठेवला जातो, पुढच्या क्षणी गाळला जातो, आणि एकसारखी खरखर पाण्याखाली बुडबुडल्यासारखी ऐकू येऊ लागते; मूळ खरखर त्यापेक्षा पुष्कळ सुसह्य असते. तबल्याच्या थापेआधी अस्पष्ट फुसकारा ऐकू येण्याचा दोषही याच तंत्रात अधिक जाणवतो. जुन्या गाडीतल्या प्लेअरसाठी प्रत हवी असेल तर एमपी३ला पर्याय नाही, पण मग १९२ किलोबिटच्या खाली जाऊ नये.

१९९७ च्या एएसीमध्ये फुसकाऱ्यासारखा ऐकू येणारा हा नॉईज थापेच्या आवाजामागेच राहावा अशी तजवीज आहे. त्याच्या एमपेग-४ आवृत्तीत तर खरखरीसारखा पट्टा तपशिलाने न साठवता केवळ त्याची पातळी नोंदवून ऐकवताना तिथे कृत्रिम खरखर भरण्याचीही सोय आहे, मात्र प्रत्येक एन्कोडर ती वापरतोच असे नाही. २०१२ मध्ये प्रमाणित झालेला ओपस संगीतासाठी प्रत्येक पट्ट्याची ऊर्जा स्वतंत्रपणे जपतो. त्यामुळे तपशील हरवला तरी पट्टा सहसा मुका पडत नाही आणि खरखर खरखरीसारखीच राहते. फोनवर ऐकण्यासाठी १२८ किलोबिटचा ओपस मला सर्वांत समाधानकारक वाटतो; तासाभराची मैफल त्यात साधारण ५८ एमबीत बसते.

फ्लॅकचा प्रश्नच वेगळा आहे. त्यात काहीच गाळले जात नसल्यामुळे नवा नॉईज येत नाही. सीडीच्या दर्जाची तासाभराची असंकुचित फाइल सुमारे ६३५ एमबीची असते. फ्लॅक ती बरीच लहान करते, परंतु टेप जितकी खरखरीत तितकी ही बचत घटते. तरीही मूळ प्रत फ्लॅकमध्येच असावी, आणि तीही खरखर न काढता.

खरखर काढायची तर ती संकोचनापूर्वी, या फ्लॅकच्या नकलेवर काढावी. एमपी३ झाल्यानंतर साफसफाई केल्यास सॉफ्टवेअरला टेपच्या खरखरीसोबत एन्कोडरचे दोषही हाताळावे लागतात, आणि फाइल पुन्हा एमपी३ केली की दोषांचा आणखी एक थर चढतो. त्याही आधी, कॅसेट डॉल्बी बी ही टेपची खरखर कमी करणारी पद्धत वापरून मुद्रित झाली असेल तर ती वाजवतानाही डेकवरचा डॉल्बीचा खटका चालू ठेवावा.

ऑडॅसिटीसारख्या ध्वनिसंपादनाच्या साधनात खरखरीचा नमुना द्यावा लागतो, आणि आपल्या संगीतापुरती खरी अडचण इथे आहे. गायन सुरू होण्यापूर्वीची ‘शांतता’ नमुना म्हणून निवडली, तर त्यात बहुधा तानपुरा असतो. सॉफ्टवेअर त्याच्या जवारीलाच, म्हणजे तारांच्या झंकारालाच, खरखर समजून पुसू लागते, गाणे पोकळ वाटते आणि मागे तुटक, किणकिणणारे अवशेष उरतात. म्हणून नमुना तानपुरा छेडण्यापूर्वीच्या किंवा मैफल संपल्यानंतरच्या, टाळ्याही नसलेल्या, एक-दोन सेकंदांचा घ्यावा. तसा भाग टेपवर मिळालाच नाही, तर खरखर तशीच ठेवून ओपसचा बिटरेट १६० पर्यंत वाढवणे अधिक श्रेयस्कर. नमुना मिळाला तरी सहा ते आठ डेसिबलपेक्षा अधिक घट मागू नये.