रत्नागिरीत बाहेरची अलॉय चाकं: एक पावसाळा आणि एक आंब्याचा हंगाम काढल्यावर

कंपनीच्या स्टील रिम काढून बाजारातून घेतलेली ही अलॉय चाकं चांगली आहेत, हे आधीच सांगतो. पावसात टायरची पकड सुधारली, गाडी वळणावर आधीइतकी झुकत नाही आणि मायलेजमध्ये जाणवण्यासारखा फरक पडलेला नाही. पण बसवल्यावर लगेचच हातखंब्याच्या पुढे, लांज्याकडे जाणाऱ्या काँक्रीटच्या रस्त्यावर स्टिअरिंग थरथरू लागलं. त्या थरथरीचा माग काढताना जे समजलं, त्यासाठीच हे एवढं लांबलचक लिहितोय. किनारपट्टीवर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाच्या ते कामाचं आहे, मग चाकं अलॉयची असोत नाहीतर स्टीलची.

आधी गाडीबद्दल. छोटी पेट्रोल हॅचबॅक, कंपनीच्या १४ इंची स्टील रिम, त्यावर १६५/८० चे टायर. मी १५ इंची अलॉय घेतली आणि १८५/६५ चे टायर चढवले. याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी हीच साइझ देते. जुन्या टायरचा बाहेरचा व्यास ६२० मिलिमीटरच्या आसपास होता, नव्याचा ६२१ च्या थोडा वर, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही आणि टायर फेंडरला घासत नाही. साइझ वाढवायची असेल तर हे गणित दुकानदाराकडून कागदावर मांडून घ्या. दिसायला भारी म्हणून याहून मोठी रिम घालायचा आग्रह होतो. आमच्याकडच्या खड्ड्यांत पातळ साइडवॉलचा, म्हणजे बाजूची भिंत बुटकी असलेला टायर म्हणजे फाटलेला टायर, त्यामुळे त्या वाटेला मी गेलो नाही.

आता थरथर. पहिले काही दिवस गॅरेजमध्ये न नेता मी फक्त बघत राहिलो, की ही नेमकी कधी येते. हाच या सगळ्या प्रकरणातला खरा भाग आहे. ताशी ७५ किलोमीटरपर्यंत काही नाही. ८० च्या पुढे स्टिअरिंगच्या कडेवर बारीक कंप सुरू, ९५ च्या आसपास सगळ्यात जास्त, त्याच्या वर पुन्हा थोडा कमी. ब्रेक लावल्यावर वाढत नाही. रस्ता मोकळा असताना ॲक्सिलरेटर सोडून गाडी नुसती वाहू दिली तरी तसाच. खड्ड्यावरून गेल्यावर वेगळा हिसका नाही.

एवढ्या निरीक्षणात निम्मी गाडी सुटते. ॲक्सिलरेटर सोडल्यावर थरथर थांबली असती तर संशय ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाचा जोर चाकाला देणाऱ्या दांड्याच्या, आतल्या जॉइंटवर गेला असता. फक्त ब्रेकवर आली असती तर ब्रेकच्या डिस्कवर. गचका बसल्यावर स्टिअरिंग नाचलं असतं तर टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश, म्हणजे स्टिअरिंग-सस्पेन्शनचे सांधे. वीस-तीसच्या वेगातच स्टिअरिंग डावं-उजवं डोललं असतं तर टायरच्या आतला पट्टा सुटलाय किंवा रिम वाकलीय असं धरून मी गाडी तिथेच उभी केली असती. ठरावीक वेगाला सुरू होणारा आणि ब्रेक-ॲक्सिलरेटरशी संबंध नसलेला कंप मात्र फिरणाऱ्या चाकातूनच येतो. हातात जाणवतोय म्हणजे पुढच्या चाकांतून; मागच्या चाकांचा कंप सीटमध्ये आणि पायाखालच्या पत्र्यात जाणवतो.

गॅरेजमध्ये मात्र पहिलं उत्तर एकच मिळतं: "भाऊ, अलाइनमेंट करून टाकू." जिथे विचारलं तिथे हेच. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. ते बिघडले तर गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहतं, टायर एका कडेने खाल्ला जातो. त्याने स्टिअरिंग थरथरत नाही. थरथरीवर अलाइनमेंटचे पैसे घेणं मला पटत नाही, आणि हे मी तिथे तोंडावर सांगितलंही. करायचं असतं ते बॅलन्सिंग, म्हणजे रिमला छोटी वजनं लावून चाकाचा भार सगळीकडे सारखा करणं.

बॅलन्सिंग केलं. मशीनवर चारही चाकं शून्य दाखवत होती. थरथर होती तशीच.

मग पुढची चाकं मागे आणि मागची पुढे केली. फुकटची चाचणी आहे आणि ती फार बोलकी आहे. एखाद्या चाकात किंवा टायरमध्ये दोष असेल तर थरथर त्या चाकाबरोबर जागा बदलते, स्टिअरिंगमधून निघून सीटखाली येते. माझी स्टिअरिंगमध्येच राहिली. म्हणजे पुढे कुठलंही चाक लावा, कंप तोच. दोष चाकात नव्हता, चाक गाडीला ज्या पद्धतीने बसलं होतं त्यात होता.

बाहेरच्या अलॉयचं मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, म्हणजे एकच चाक अनेक गाड्यांना बसतं. माझ्या अलॉयचं भोक ७३.१ मिलिमीटरचं आणि गाडीच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या गोल भागाचा, व्यास ५४.१. सगळीकडून साडेनऊ मिलिमीटरची फट. कंपनीच्या रिममध्ये ही फट नसते, रिम हबवर घट्ट बसते आणि आपोआप मध्यावर येते. माझी चाकं फक्त चार नटांच्या भरवशावर मध्यावर राहणार होती. बॅलन्सिंगचं मशीन मात्र चाक भोकाच्या मध्यावर शंकूने धरतं, म्हणून तिथे सगळं बरोबर दिसतं.

याचा परिणाम किती? टायरसकट चाक १६ किलोचं धरा. ते हबवर अर्धा मिलिमीटर जरी सरकून बसलं, तर रिमच्या कडेला सुमारे ४२ ग्रॅमचं वजन चिकटवल्याइतका असमतोल होतो. बॅलन्सिंगवाला पाच-पाच ग्रॅमचा हिशेब करत असतो, त्यावरून अंदाज करा.

उपाय म्हणजे हब रिंग: बाहेरून ७३.१, आतून ५४.१ अशी कडी. चार कड्या काही शे रुपयांत मिळतात. प्लास्टिकच्या आणि ॲल्युमिनियमच्या अशा दोन्ही येतात. किनाऱ्यावर प्लास्टिकचीच घ्या असं माझं ठाम मत आहे. खाऱ्या हवेत लोखंडी हबवर ॲल्युमिनियमची कडी गंजून जखडते आणि पंक्चर झाल्यावर भर पावसात चाक निघत नाही. प्लास्टिकचा धोका उलटा आहे, लांब घाट ब्रेकवर उतरलात तर ती उष्णतेने मऊ पडू शकते. म्हणून चाक निघेल तेव्हा कडी हातात घेऊन बघायची. माझ्या अजून शाबूत आहेत.

कडीइतकंच नट आवळण्याला महत्त्व आहे. चाक जॅकवर हवेत असतानाच चारही नट हाताने, समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे आवळायचे. मग चाक जमिनीवर टेकवून टॉर्क पान्ह्याने (ठरवलेल्या जोराइतकंच आवळणारा पान्हा) पूर्ण आवळायचे, आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. हवेच्या गनने एकच नट आधी पूर्ण आवळला की चाक तिरकं बसतं आणि जादा ताणाने डिस्कही वाकडी बसू शकते. नव्या अलॉयचे नट शंभरेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा तपासायचे. थरथर दिवसेंदिवस वाढत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून रस्त्याच्या कडेला थांबा आणि आधी नट बघा.

कड्या बसल्या, नट नीट आवळले आणि थरथर गेली. १०० ला स्टिअरिंग शांत.

पुढे ऐन पावसात ती परत आली, पण वेगळ्या तऱ्हेने. आदल्या दिवशी काही नाही आणि दुसऱ्या दिवशी साठालाच जोरात. गावातल्या कच्च्या रस्त्याने गाडी नेली होती. अलॉयच्या आतल्या बाजूला, जिथे नजर जात नाही, तिथे लाल मातीचा थर बसला होता, एका बाजूला जाड आणि दुसरीकडे जवळजवळ नाही. ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथे जांभ्याचा हा चिखल चाकात सतत जातो आणि दोन दिवस ऊन पडलं की विटेसारखा होतो. रिमच्या आत एका जागी ३० ग्रॅम माती धरा. १०० च्या वेगाला चाक सेकंदाला १४ वेळा फिरतं, आणि ती माती प्रत्येक फेरीत चाकाला साडेचार किलोच्या आसपास जोराने बाहेर खेचते. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, ५० ला तो चौथाईच असतो. गावातल्या रस्त्यावर गाडी ठीक वाटते आणि हायवेला लागल्यावर हात कापतात, त्याचं कारण हेच.

पाईपने आतून धुतलं, लाकडी काठीने खरवडलं, थरथर गेली. सर्व्हिसिंग सेंटरमध्ये प्रेशरचा फवारा मारताना मात्र सांभाळा. अलॉयला आतून चिकटवलेली वजनं त्या फवाऱ्याने निघून जातात. माझ्या एका चाकाचं गेलं. डिंकाचा लांबट चौकोनी डाग उरतो, त्यावरून ओळखता येतं. असा डाग दिसला तर तेवढ्या एका चाकाचं बॅलन्सिंग पुरतं.

तिसरा प्रकार आंब्याच्या दिवसांत. मागची सीट पाडून पेट्या कोल्हापूरला पोचवल्या, आणि परत येताना आंबा घाट उतरून साखरप्याला पोचेपर्यंत ब्रेक लावला की स्टिअरिंग हलायला लागलं. ब्रेक सोडला की बंद. इथे चाकांचा काही संबंध नव्हता. डिस्क उष्णतेने "वाकडी होते" असं सर्रास बोललं जातं. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते; तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते किंवा डिस्कला दाबणाऱ्या ब्रेक पॅडचा थर जागोजागी कमी-जास्त चिकटलेला असतो. आमच्याकडे त्यात गंजाची भर. समुद्राजवळच्या घरी गाडी काही दिवस ओलीच उभी राहिली की डिस्कवर तांबूस थर येतो, आणि पॅडखाली झाकलेला भाग तेवढा वेगळा राहतो. गणपतीला किंवा शिमग्याला येऊन मग महिनोन् महिने बंद राहणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांना हे हमखास होतं, शिवाय टायरही उभ्या जागी चपटे पडतात. चपटेपणा बहुतेकदा काही किलोमीटर चालवल्यावर जातो.

माझ्या मेकॅनिकने डिस्क काढली आणि तिच्या मागे हबवर साचलेले गंजाचे पापुद्रे तारेच्या ब्रशने साफ केले. हे काम बहुतेक ठिकाणी करत नाहीत, थेट नवी डिस्क सुचवतात. हबवर गंजाचा कण राहिला की डिस्क तिरकी बसते. मग डायल गेज (बारीक डोलणं मोजणारं काट्याचं यंत्र) लावून डिस्क हाताने फिरवली. साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटरपर्यंतचं डोलणं चालतं. एक डिस्क साफसफाईनंतर बसली, दुसरी जाडीतच कमी-जास्त होती. तेव्हा दोन्ही डिस्क आणि पॅड बदलले, कारण एका ॲक्सलच्या डिस्क जोडीनेच बदलायच्या असतात. त्यानंतर घाट उतरताना मी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर गाडी धरतो, ब्रेकवर पाय टेकवून ठेवत नाही. आता ब्रेक स्वच्छ लागतात.

त्याच वेळी जॅकवर चाक धरून वर-खाली आणि डावं-उजवं हलवून घेतलं. वर-खाली खेळ म्हणजे बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, डावं-उजवं म्हणजे टाय रॉड. माझ्याकडे काही निघालं नाही. तुमच्याकडे निघालं तर त्या दुरुस्तीत चालढकल करू नका. टाय रॉड निखळला की त्या चाकावरचा ताबा जातो.

आता अलॉयचा टिकाऊपणा. जयगडच्या जेटीवर तवसाळच्या फेरीसाठी थांबताना, आरे-वारेच्या रस्त्याने येता-जाता खारे तुषार चाकांवर बसतातच. खडी लागून जिथे वरचं पारदर्शक लॅकर उडालंय तिथे पांढरट बुरशीसारखा गंज पसरू लागलाय, वजनं चिकटवली होती त्या जागी सगळ्यात जास्त. पॉलिश केलेल्या चकचकीत चेहऱ्याची चाकं किनाऱ्यावर घेऊ नका, पूर्ण रंगवलेली घ्या. माझी राखाडी आहेत आणि दुरून अजून नवी वाटतात. एका खड्ड्यात आतली कड किंचित दबली. मशीनवर फिरवून बघितलं, बॅलन्स होतंय, म्हणून ठेवलंय. स्टीलची रिम ठोकून सरळ होते, अलॉय ठोकली तर तडा जाण्याची भीती असते. ती मी ठोकू दिली नाही.

पुन्हा घेईन का? घेईन, पण हबच्या मापाची चाकं मिळत असतील तर तीच, दोन पैसे जास्त गेले तरी. न मिळाल्यास कड्या बसवून मगच गाडी दुकानातून बाहेर काढेन. आणि येत्या मिरगाला जुन्या स्टील रिम परत चढवणार आहे, अलॉय दिवाळीनंतर. स्टीलचे मूळ नट वेगळ्या डब्यात नाव लिहून ठेवलेत. अलॉयच्या नटांचं बुड वेगळं असतं, आणि घाईत त्यांची अदलाबदल झाली तर चाक घट्ट वाटूनही नीट बसलेलं नसतं.