लाइट असताना सगळंच चालतं

एकतीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली. खोटी पाचशेची नोट मी बोटांनीच ओळखायचे. त्या मला एका पंचविशीतल्या पोराने, माझ्याच हॉलमध्ये बसून, माझ्याच हातचा चहा पीत ९,४०० रुपयांना गंडवलं. लिहितानाही कान गरम होतात. पण आमच्या भागातल्या बऱ्याच घरांत आता चोरांसाठी अलार्म आहेत, आणि त्या घरांत राहणारी माणसं साठीच्या पुढची. मुलं परगावी. म्हणून झालं तसं सांगते.

सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला आमचं रो-हाऊस आहे. २०१९ साली मागच्या गल्लीत घरफोडी झाली आणि त्या दिवाळीत आम्ही अलार्म बसवून घेतला. दोन्ही दारांना मॅग्नेट, जिन्यात आणि हॉलमध्ये हालचाल टिपणारे सेन्सर, दाराशी आकडे दाबायचा कीपॅड, बाहेर भिंतीवर भोंगा. या सगळ्याचा मेंदू म्हणजे जिन्याखालच्या बंद कपाटातला एक लोखंडी डबा, त्याला पॅनेल म्हणतात. सहा वर्षांत त्या डब्याचं झाकण कुणी उघडलं नव्हतं. आम्ही त्याच्यावर जुन्या छत्र्या ठेवायचो.

पुण्यात गुरुवारी लाइट जाणार हे आपण धरूनच चालतो. मे महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी दहाला गेले ते तीनला आले, आणि येतानाही दोन-तीनदा ये-जा झाली. हे तेव्हा मुलीकडे बेंगळुरूला गेले होते. लाइट गेले त्याच क्षणी कीपॅड काळा पडला होता, पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. फ्रिज बंद, पंखा बंद, तसाच हाही बंद. लाइट आल्यावर मात्र त्याच्यावर १ जानेवारी अशी तारीख, पिवळा दिवा लुकलुकतोय आणि थोड्या थोड्या वेळाने बारीक पीक-पीक. अलार्म लावून मीच मुद्दाम दार उघडून पाहिलं. कीपॅड आत किंचाळला, बाहेरचा भोंगा मात्र मुका.

बसवणाऱ्याचं कार्ड सापडेना. मग सगळे करतात तेच मी केलं. डब्यावरचं कंपनीचं नाव नेटवर टाकलं, पुढे ‘पुणे सर्व्हिस सेंटर’ जोडलं आणि सगळ्यात वर जो मोबाइल नंबर आला तो फिरवला. पलीकडची मुलगी इतकी गोड बोलली की मला शंकाच आली नाही. व्हिजिटचे ३५० रुपये आधी यूपीआयने पाठवायचे म्हणाली. पैसे गेले ते कंपनीच्या नव्हे, कुठल्याशा माणसाच्या नावावर. ते नाव मी स्क्रीनवर वाचलं आणि तरी पिन दाबला. बँकेत असताना असं केलेल्या खातेदाराला मी चार शब्द सुनावले असते.

दीड तासात तो आला. गळ्यात कंपनीच्या नावाची पट्टी, पाठीवर सॅक. फोनवर मी ‘मॅडम’ होते, चहा झाल्यावर ‘काकू’ झाले. डबा उघडून त्याने मल्टीमीटर काढला, लाइट गेल्यावर अलार्म चालवायला आत असते त्या काळ्या बॅटरीच्या दोन टोकांना सळया टेकवल्या आणि मीटर माझ्यासमोर धरला. आकडा १३.६.

“बघा काकू, बारा व्होल्टची बॅटरी, तेराच्या वर दाखवतेय. एकदम टकाटक. म्हणजे प्रॉब्लेम बोर्डमध्ये आहे. लाइट येताना झटका बसला, मदरबोर्ड उडाला.”

सगळी लबाडी या एका वाक्यात होती, आणि ती मला तीन आठवड्यांनी कळली. लाइट चालू असताना पॅनेल त्या बॅटरीला सतत चार्ज करत असतं आणि चार्जिंगचा दाब साडेतेरा ते पावणेचौदा व्होल्टच असतो. त्याने मला बॅटरीचा आकडा दाखवलाच नाही, चार्जरचा दाखवला. नळाखाली धरलेली फुटकी बादलीसुद्धा भरलेलीच दिसते. नळ बंद करून पाहायचं हे मला सुचलं नाही, आणि त्याने ते केलं नाही.

बोर्ड ‘वर्कशॉपला’ न्यावा लागेल म्हणाला. त्या रात्री घरात मी एकटी, अलार्म नाही. जिन्यात मांजर उतरलं तरी उठून बसत होते. आणखी एक गोष्ट सांगायची लाज वाटते, पण सांगते. जाण्याआधी त्याने टेस्टिंगसाठी म्हणून आमचा चार आकडी कोड मागितला आणि मी तो दिला. साहेब कधी येणार तेही विचारलं. मी तेही सांगितलं. तपासायला कोणालाच कोड द्यावा लागत नाही. तो बाजूला उभा राहतो, आपण आकडे दाबतो, बस्स.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो ‘नवा बोर्ड’ घेऊन आला. वीस मिनिटं डब्यात डोकं. मग म्हणाला, आता दार उघडा. उघडलं, आणि बाहेरचा भोंगा असा बोंबलला की समोरच्या वहिनी पोळीचं लाटणं हातात घेऊनच गॅलरीत आल्या. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला लाडू दिला. बोर्ड ६,८००, सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारी डबी) १,४००, मजुरी ८५०, आधीचे व्हिजिटचे ३५०. एकूण ९,४००, ‘जीएसटीसह’. एक वर्षाची गॅरंटी, तोंडी.

पुढच्या दोन गुरुवारी आमच्याकडे लाइट गेले नाहीत. तिसऱ्या गुरुवारी गेले आणि कीपॅड पुन्हा काळा ठिक्कर.

त्याचा फोन आधी लागेना, मग लागला तर ‘सर बाहेरगावी आहेत’. शेवटी समोरच्या वहिनींनी त्यांच्या भाच्याला बोलावलं. तो इन्व्हर्टर आणि यूपीएसची कामं करतो. तो आला तेव्हा लाइट आलेले होते. आल्या आल्या त्याने आमचा मेन स्विचच खाली पाडला. कीपॅड लगेच मेला. “मावशी, झालं निदान,” म्हणाला. मला वाटलं थट्टा करतोय.

त्याने स्विच परत वर केला आणि पद्धतशीर दाखवलं. आधी त्यानेही तसाच मीटर लावला, आकडा तोच १३.६. मग बॅटरीची लाल वायर काढली आणि पाच-दहा मिनिटं थांबला. आकडा साडेअकराच्या खाली घसरला. चांगली भरलेली बॅटरी पावणेतेराच्या आसपास थांबते. मग त्याने सॅकमधून स्कूटरच्या इंडिकेटरचा बारा व्होल्टचा बल्ब काढून दोन वायरींनी तिला जोडला. बल्ब लाल होऊन मिणमिणला आणि मीटर सरळ पाचावर. बॅटरीच्या अंगावर चिकटलेली तारीख २०१९ ची होती. या बंद शिशाच्या बॅटऱ्या, १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरच्या (म्हणजे एक अँपिअर खाल्ला तर कागदावर सात तास पुरणाऱ्या), तीन ते पाच वर्षं टिकतात आणि उष्णता त्यांना अजिबात सोसत नाही. दहा अंश जास्त तापल्या की आयुष्य जवळपास निम्मं. आमचा डबा हवा न लागणाऱ्या कपाटात, वर छत्र्या.

हिशेब मला आवडतो म्हणून मी त्याला विचारलं, पाच तासांत कशी काय संपली? तो म्हणाला, पॅनेल, कीपॅड आणि सेन्सर मिळून पाव अँपिअर खातात असं धरा. सात भागिले पाव, कागदावर अठ्ठावीस तास. धड बॅटरीवर पाच तासांत कीपॅड विझायचं कारणच नव्हतं. आणि आमचा पाच तासांनी नव्हे, पहिल्या सेकंदाला विझला होता. म्हणजे उत्तर मला पहिल्याच गुरुवारी दिसलं होतं.

मग त्या दिवशी भोंगा का वाजला नाही? भाच्याने बोर्डवरचा काचेचा छोटा फ्यूज दाखवला, बाकी सगळ्यावर धूळ आणि हा तेवढा चकचकीत. लाइटच्या ये-जा करण्यात जुना उडाला असणार. पाच-दहा रुपयांची वस्तू. ती बदलली की लाइट असताना भोंगा वाजणारच, त्याला बॅटरीची गरजच नाही. आणि बोर्ड? आमचे हे प्रत्येक यंत्राचा फोटो काढून ठेवतात; यावरून मी त्यांना आयुष्यभर चिडवलं. बेंगळुरूहून त्यांनी २०१९ चा फोटो पाठवला. बोर्डवरच्या स्टिकरचा नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत तोच. माझाच बोर्ड एक रात्र बाहेर फिरून आला होता, थिनरने पुसून. सर्ज प्रोटेक्टर म्हणून लावलेल्या पांढऱ्या डबीत एक दिवा होता आणि बाकी पोकळी.

नव्या बॅटरीला १,०५० पडले, जुनी दुकानदाराने परत घेतली आणि दीडशे कमी केले. भाच्याने मजुरी घेतली नाही, लाडू घेतले.

त्या पोराचं ‘बिल’ मग मी नीट वाचलं. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होतो. यावर सुरुवात बरोबर होती, पण मोजली तर अक्षरं चौदाच. पत्त्यावरच्या इमारतीत ट्यूशन क्लास आहे, मी स्वतः जाऊन आले. कंपनीच्या खऱ्या कार्यालयाने सांगितलं की त्या नंबराशी त्यांचा संबंध नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार केली, यूपीआयच्या व्यवहारांचे क्रमांक दिले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरची बाई समजुतीने बोलली. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, हेही खरं. पण दावा लावायचा कोणावर? माझ्याकडे आहे एक खोटं बिल आणि एक बंद होणारा फोन. पैसे आलेले नाहीत. अलार्मचा कोड मात्र त्याच रात्री बदलला, आणि मागच्या दाराचं कुलूपही.

आता दर महिन्याला एकदा मी स्वतः मेन स्विच पाडते. कीपॅड चालू राहतो का पाहते, अर्धा तास थांबते, मग त्याच अंधारात दार उघडून भोंगा वाजवते. वहिनींना आधी फोन करून ठेवते. कोणीही दुरुस्ती करून गेला की पैसे द्यायच्या आधी हेच, त्याच्यासमोर. ज्याने खरंच काम केलंय त्याला याचा राग येत नाही. भाच्याने तर स्वतःहून केलं. नव्या बॅटरीवर मी मार्करने तारीख लिहिली आहे, माझ्या काउंटरच्या अक्षरात. छत्र्या आता बाल्कनीत.

गेल्या आठवड्यात एका वेगळ्याच नंबरवरून फोन आला. आवाज मी लगेच ओळखला. “काकू, अलार्मचं वर्षाचं मेंटेनन्स काँट्रॅक्ट घेताय ना? ऑफर आहे, फक्त २,५००.”

मी म्हटलं, “घेते की. गुरुवारी अकराला या. लाइट नसतील तेव्हा.”

थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग फोन कट झाला.