हेइसेई गॉडझिला की हेइसेई गामेरा: आधी कुठली मालिका लावावी?

1954 चा मूळ गॉडझिला हा जपानी राक्षसपट बघून झाला की पुढे दोन वाटा फुटतात. एक तोहो या जपानी स्टुडिओची, 1984 ते 1995 मधल्या सात गॉडझिलापटांची. दुसरी दाईएई या स्टुडिओच्या गामेराची, म्हणजे उडणाऱ्या महाकाय कासवाची, 1995, 1996 आणि 1999 अशा तीन भागांची. जपानच्या हेइसेई कालखंडावरून दोन्ही मालिकांना हेइसेई म्हणतात. मी आधी सातही गॉडझिला संपवले आणि मग गामेराकडे वळलो. आज कुणी विचारलं तर क्रम उलटा सांगेन.

गॉडझिलाची बाजू लंगडी मुळीच नाही. सातपैकी चार भागांना अकिरा इफुकुबेंचं संगीत आहे. तो ठेका सुरू झाला की पडद्यावर काही दिसायच्या आधीच छाती धडधडू लागते. सातही भागांत पोशाखाच्या आत केनपाचिरो सात्सुमाच आहेत, त्यामुळे त्या चालीला एक स्वभाव येतो. 1995 च्या भागात गॉडझिला आतून वितळू लागतो तेव्हा माझे डोळे भरून आले. आधीचे सहा पाहिले नसते तर ते भरले नसते, हेही खरं.

माझं मन अडलं ते लढायांपाशी. 1991 पासून पुढे राक्षस समोरासमोर येतात आणि लांबूनच एकमेकांवर किरण सोडत राहतात. किरण, ठिणग्या, धूर, एक पडतो, उठतो, पुन्हा किरण. अंगाला अंग भिडतं ते क्वचितच. 1994 च्या भागात फुकुओका शहरात हेच चालू असताना माझा भाचा उठून पाणी पिऊन आला. मधे काय झालं, असं त्याने विचारलं. मला सांगण्यासारखं काही सापडेना. कुणीतरी हातांनी इमारत न् इमारत उभी केलेलं ते छोटं शहर, आणि त्यावर कुणाचं वजनच पडत नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं. 1989 चा भाग याला अपवाद. त्यात बिओलांते या वनस्पती-राक्षसाच्या वेली गॉडझिलाच्या पंजातून आरपार जातात.

गामेरात तेच फुकुओका 1995 च्या भागात येतं. तिथल्या उघडझाप होणाऱ्या छताच्या स्टेडियममध्ये मांसाचं आमिष ठेवून ग्याओस या उडणाऱ्या राक्षसांना पकडायचा बेत आखतात. तो बेत एका पक्षिशास्त्रज्ञ बाईंच्या सल्ल्याने ठरतो, म्हणून पटतो. स्पेशल इफेक्ट्स दिग्दर्शक शिन्जी हिगुचींचा कॅमेरा बहुतेक वेळ रस्त्यावर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो. राक्षस विजेच्या तारांमधून दिसतो, खिडकीतून दिसतो. मोडक्या टोकियो टॉवरवर, मावळतीच्या उजेडात, ग्याओस घरटं करून बसलेला आहे, त्या दृश्याला भाचा जागचा हलला नाही. किरण आणि आगीचे गोळे इथेही आहेत, पण ते कुठे पडले आणि खाली कोण होतं, हे कळतं.

इफुकुबेंच्या तोडीचं संगीत मात्र गामेरात मला सापडलं नाही. तिसऱ्या भागाचा शेवटही अर्ध्यावर सुटतो, काहींना तो रुचणार नाही.

तिन्ही भाग क्रमानेच बघावेत. पहिल्या भागातल्या लढाईत आईवडील गमावलेली मुलगी तिसऱ्याच्या केंद्रस्थानी आहे. त्यात टोकियोतल्या शिबुया भागात गामेराच्या पायाखाली आणि आगीत माणसं मरतात, म्हणून घरात लहान मूल असेल तर दोन भागांवर थांबावं. भाच्याला मी तिसरा अजून दाखवलेला नाही. त्यानंतर गॉडझिलाचे 1989 आणि 1995 हे दोन भाग घ्यावेत, बाकीचे सवडीने.