'द स्टाइल'च्या धर्तीवर सजवलेले घर: एका सजावटसेवेचे परीक्षण

कलाचळवळीवर आधारित घर सजवून देणाऱ्या एका सेवेकडून आम्ही आमच्या सदनिकेचे संपूर्ण काम करून घेतले. सेवेचे नाव येथे महत्त्वाचे नाही. चळवळ निवडली होती ती 'द स्टाइल'. डच चित्रकार थिओ व्हान डूसबर्ग यांनी 1917 मध्ये नेदरलँड्समध्ये त्याच नावाचे नियतकालिक काढून तिला आकार दिला आणि पीट माँद्रिआन यांच्या चित्रांमुळे ती जगभर पोहोचली. लाल, पिवळा, निळा, त्यांच्या जोडीला पांढरा, काळा व करडा, आणि उभ्या-आडव्या रेषा एवढ्याच साहित्यावर ही चळवळ उभी असल्याने तिची नक्कल करणे फार सोपे वाटते. सजावटकाराची खरी परीक्षा तेथेच होते.

सेवेने पाठवलेली पहिली थ्रीडी चित्रे या परीक्षेत सपशेल नापास झाली. प्रत्येक कपाटाच्या दारावर, पलंगाच्या पाठीवर, अगदी चपलांच्या कपाटावरही सारख्या जाडीच्या काळ्या पट्ट्या आणि त्यांच्या मधोमध भडक चौकोन काढलेले होते. फ्रेंच वस्त्ररचनाकार इव्ह सँ लोराँ यांनी 1965 मध्ये माँद्रिआनची रचना पोशाखावर आणल्यापासून ती कापडावरच्या छापासारखी वापरली जाते, आणि ही चित्रे त्याच वळणाची होती. माँद्रिआनची 1920 च्या दशकातील चित्रे नीट पाहिली, तर बहुतेक जागा पांढऱ्या-करड्या छटांनी व्यापलेली दिसते, रंग बऱ्याचदा कडेला सारलेला असतो, रेषांची जाडी बदलते आणि काही रेषा चौकटीपर्यंत पोहोचण्याआधीच थांबतात. ही बाब आम्ही लेखी कळवल्यावर मात्र सेवेने वाद न घालता आराखडा मुळापासून बदलला, आणि त्यानंतरचे काम पुष्कळच वरच्या दर्जाचे झाले.

सर्वांत उत्तम काम जमले ते सरकत्या भिंतींचे. याच चळवळीतले वास्तुरचनाकार खेरित रिटफेल्ट यांनी 1924 मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे ट्रूस श्र्योडर यांच्यासाठी बांधलेल्या घराचा वरचा मजला दिवसा जवळजवळ अखंड राहतो आणि हव्या तेव्हा सरकत्या पडभिंतींनी त्याच्या वेगवेगळ्या खोल्या होतात. तीन मुलांसह तेथे राहणाऱ्या श्र्योडर यांचा त्या मांडणीत रिटफेल्ट यांच्याइतकाच वाटा होता. 2000 साली ते घर जागतिक वारसा यादीत आले. सेवेच्या आराखडाकाराने हे घर केवळ छायाचित्रातून पाहिलेले नसून त्याचा नकाशा अभ्यासलेला आहे, हे आमच्या बैठकीच्या खोलीत लगेच जाणवते. बैठक आणि लहान शयनकक्ष यांच्यामधली भिंत इमारतीचा भार पेलणारी नसल्याची अभियंत्याकडून खात्री करून घेऊन ती काढण्यात आली आणि तिच्या जागी वरच्या चॅनेलवर टांगलेले दोन पडदे, म्हणजे सरकत्या पडभिंती, आले, एक करडा आणि एक पांढरा, जे काटकोनात एकमेकांना भेटतात. कोपऱ्यात खांब नाही. दोन्ही सरकवले की कोपराच नाहीसा होतो. श्र्योडर घराच्या वरच्या मजल्यावरील कोपऱ्याच्या खिडक्या उघडल्यावर नेमके हेच घडते, आणि इमारतीच्या बाहेरच्या भिंतींना हात लावता येत नसताना ती कल्पना घराच्या आत आणणे ही या सेवेची सर्वांत मोठी कमाई आहे. जमिनीवर रूळ नसल्याने तेथे धूळही साचत नाही. आवाज मात्र अडत नाही. टांगलेल्या पडद्यांच्या खालची फट राहतेच, आणि ही गोष्ट काम सुरू होण्यापूर्वी स्पष्टपणे सांगायला हवी होती.

रंगकामाबद्दलही चांगलेच लिहावे लागेल. एक भिंत एका रंगाची आणि दुसरी दुसऱ्या, अशी नेहमीची पद्धत न स्वीकारता करड्या रंगाचा पट्टा कोपरा ओलांडून पुढच्या भिंतीवर जातो आणि तिच्या मध्यावर थांबतो, त्यामुळे खोलीचा डबा मोडतो. कडा धारदार आहेत, पुट्टी एकसारखी घासलेली आहे, आणि लाल व पिवळा फक्त फळ्यांच्या कडांना आहेत. इतका संयम सजावटकाराला सहसा परवडत नाही, कारण ग्राहकाला पैशांच्या मोबदल्यात रंग दिसायला हवा असतो.

हाच संयम विजेच्या कामात दिसला नाही. बसवलेले दिवे उबदार पिवळसर प्रकाशाचे होते. त्यांच्याखाली पांढऱ्याची साय झाली आणि निळा मळकट दिसू लागला. मूळ रंगांवर बेतलेल्या घरात 4000 केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाची छटा मोजण्याचे एकक) आसपासचा, रंग खरा दाखवणारा प्रकाश हवा, हे रंगतक्ता ठरतानाच पाहायचे असते. दिवे नंतर बदलून मिळाले. स्वयंपाकघर आणि स्नानगृह नीटनेटके आहेत, त्यात चळवळीचे फारसे काही नाही, आणि ते बरेच झाले.

खरी निराशा केली ती खुर्चीने. रिटफेल्ट यांची लाल-निळी खुर्ची आधी रंगाविना घडली, रंग काही वर्षांनी आले. तिचा जीव रंगात नसून सांध्यात आहे. तीन दांडे एकमेकांना न छेदता शेजारून पुढे निघून जातात आणि आतल्या लाकडी खुंट्यांनी जोडलेले असतात, म्हणून प्रत्येक दांडा सांध्यापलीकडेही चालू राहतो. सेवेच्या सुताराने आमच्यासाठी तिची प्रतिकृती करताना दांड्यांत खाचा पाडून ते एकमेकांत बसवले. रंग अचूक आहेत, कापलेल्या टोकांना पिवळा लावण्याचेही लक्षात राहिले आहे, पण सांध्यातली मोकळीक संपल्यावर ती नुसती गैरसोयीची लाकडी खुर्ची उरते.

ज्यांना घराच्या मोकळ्या-बंद होण्यात रस आहे, त्यांनी ही सेवा अवश्य घ्यावी, मात्र सरकत्या भागांचे आणि सांध्यांचे मोजमापासह आराखडे करारालाच जोडून घ्यावेत. थ्रीडी चित्रात यांपैकी काहीच दिसत नाही. कामानंतरची सेवा तत्पर आहे: एक पडदा किंचित कलला होता, तो एका निरोपावर सरळ करून मिळाला आणि सर्व छटांचे क्रमांक लेखी मिळाले. खुर्चीबद्दलच्या पत्राला मात्र अजून उत्तर आलेले नाही.