अडीअडचणीच्या टॉर्चसाठी कोणता सेल घ्यावा?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्यानंतर श्रीवर्धन-दापोलीकडच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळेसाठी जपून ठेवलेल्या टॉर्चच्या बाबतीत, सेलमध्ये मुळात किती वीज मावते यापेक्षा वर्षानुवर्षे पडून राहिल्यावर त्यात किती उरते, हे आधी पाहायला हवे.

साधा अल्कलाइन पेन्सिल सेल वर्षाला दोन-तीन टक्केच उतरतो, त्यामुळे त्या बाबतीत तो वाईट नाही. त्याची खरी खोट म्हणजे त्याला सुटणारे पाणी. दोन पावसाळे कपाटात राहिलेला आमचा टॉर्च उघडला, तेव्हा स्प्रिंगवर पांढरी, कडक पूड चढली होती, आणि सेल ओढून काढताना स्प्रिंग तुटून हातात आली. दर दोन-तीन महिन्यांनी झाकण उघडून पाहण्याची शिस्त असेल, तरच हा स्वस्त पर्याय घ्यावा.

एकदाच वापरायचा दीड व्होल्टचा लिथियम सेल किमतीला कित्येक पट महाग असला, तरी लिथियमच्या पृष्ठभागावर तयार होणारा पातळ थर पुढची रासायनिक झीज रोखून धरत असल्याने तो अत्यंत सावकाश उतरतो, आणि काही उत्पादक त्याला २० वर्षांपर्यंतचे साठवण-आयुष्य देतात. वजनही अल्कलाइनच्या सुमारे २३ ग्रॅमच्या तुलनेत १५ ग्रॅमच भरते. मात्र त्याचा विजेचा दाब (व्होल्टेज) जवळजवळ शेवटपर्यंत टिकून मग एकाएकी कोसळतो. प्रकाश हळूहळू मंदावून आगाऊ इशारा मिळत नाही, म्हणून जादा जोडी जवळ असावी.

चार्ज होणारी लिथियम-आयन बॅटरी रोजच्या वापराला उत्तम, पण ती महिन्याला एक ते तीन टक्के उतरते. शिवाय पूर्ण भरून उष्ण जागी ठेवल्यास तिची क्षमता कायमची घटते. ती टिकवायची तर निम्मी भरलेली ठेवावी लागते, आणि संकटासाठीचा टॉर्च निम्माच भरलेला ठेवणे मला पटत नाही.

कपाटातल्या टॉर्चसाठी मी एकदाच वापरायचा लिथियम सेलच घेईन. खरेदी करताना पाकिटावरच्या ‘लिथियम’ या एका शब्दावर मात्र विसंबू नये, कारण दीड व्होल्टचे रिचार्जेबल पेन्सिल सेलही त्याच नावाने विकले जातात, आणि त्यांच्या आतले दाब उतरवणारे सर्किट टॉर्च बंद असतानाही थोडी थोडी वीज खात राहते.